माहितीपट पुरावा म्हणून वाचायचा कसा? सावेदादा, सोव्हिएत संकलक आणि आपल्या खाडीपलीकडची एक फिल्म

पेट पास झाल्यानंतरच्या मुलाखतीत मला विचारलं गेलं, "तुमचं मुख्य साधन काय?" मी म्हणाले, "जुने माहितीपट." लगेच पुढचा प्रश्न आला, "म्हणजे त्यात जे दिसतं ते तसंच घडलं असं तुम्ही धरून चालणार?" मी ठामपणे "हो" म्हणाले. समोरचे तिघं एकमेकांकडे बघून हसले, आणि आपली विकेट पडलीय हे मला कळलं.

प्रवेश मिळाला, पण पहिला सिनॉप्सिस परत आला. शीर्षक होतं 'महाराष्ट्रातील माहितीपटाचा इतिहास'. गाईडनी वर पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: "हा विषय झाला, प्रश्न कुठाय?"

आज चौथ्या वर्षी त्या मुलाखतीतल्या प्रश्नाचं उत्तर थोडंफार देता येतं. ते मला सापडलं सुरुवातीच्या रशियन आणि सोव्हिएत माहितीपटांकडे बघताना. "जासईच्या मुलीला रशियाचं काय?" हे मला घरीही विचारलं जातं. त्याचंही उत्तर लेखाच्या शेवटापर्यंत मिळेल. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर चित्रपट हे तुमचं साधन असो वा नसो, यातली पद्धत कामी येईल.

आधी शब्द बघू

मराठीत आपण तीन शब्द सरसकट वापरतो: वृत्तपट, अनुबोधपट, माहितीपट. पण तिन्हींचा दावा वेगळा आहे. वृत्तपट म्हणतो, "हे घडलं." माहितीपट म्हणतो, "हे असं आहे." अनुबोधपट म्हणतो, "हे बघून तुम्ही काहीतरी शिका." एकाच फिल्मला हे तिन्ही शब्द लावलेले मी पाहिले आहेत. तसं झालं की समजायचं, ती फिल्म नेमकं काय करते हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नाही.

रशियनमध्ये सुरुवातीच्या वृत्तपटांना 'क्रोनिका' म्हणत. क्रोनिका म्हणजे घडामोडींची नोंद. मला हा शब्द आपल्या बखरीच्या जवळचा वाटतो. आणि बखर कशी वाचायची हे आपल्याला इतिहासाच्या पहिल्याच वर्षी शिकवतात: कोणी लिहिली, कोणाच्या सांगण्यावरून, घटनेनंतर किती वर्षांनी, कोणाला वाचून दाखवायला. बखरीत सगळं खोटं असतं असं आपण म्हणत नाही, पण तिला सीसीटीव्ही फुटेजही समजत नाही. फिल्मच्या बाबतीत मात्र आपण हे सगळं विसरतो, कारण डोळ्यांना दिसलेलं खरं वाटतं.

१८९६: मुंबई आणि मॉस्को

७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंच्या फिल्म्स दाखवल्या गेल्या. रशियात हा खेळ त्याच वर्षी, मे महिन्यात पोचला होता. म्हणजे चलच्चित्राची सुरुवात दोन्हीकडे जवळपास एकदमच झाली. पुढचे रस्ते मात्र वेगळे झाले.

आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनजवळ एका कुस्तीचं चित्रण केलं. त्याच सुमाराला माकडवाल्याच्या खेळावरही एक फिल्म केली. मग डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून मुंबईत परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचं चित्रण केलं. भारतीय माणसाने घेतलेलं पहिलं 'बातमी'चं चित्रण म्हणून याच फिल्मचं नाव घेतलं जातं.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. ही रिळं आज आपल्याला बघायला मिळत नाहीत. मग त्यांचा पुरावा म्हणून उपयोग शून्य का? नाही. कॅमेरा कोणाकडे वळवला गेला हाच पुरावा आहे. आधी कुस्ती आणि माकडं, म्हणजे हालचाल दिसेल असं काहीतरी, कारण चित्र हलतं हेच तेव्हाचं नवल होतं. दोनच वर्षांनी कॅमेरा वळला तो गणितात सीनियर रँग्लर झालेल्या एका तरुणाकडे. तो माणूस कुस्ती खेळत नाही, उडी मारत नाही, नुसता येतो. तरीही तो चित्रण करण्याजोगा ठरला, कारण त्याच्या येण्याला तेव्हाच्या सुशिक्षित मुंबईत अर्थ होता. फिल्म हरवली, तरी निवड टिकली. आणि निवडीवर संशोधन होऊ शकतं.

रशियाकडे बघू. मे १८९६ मध्ये मॉस्कोत झार दुसरा निकोलस याचा राज्याभिषेक झाला. ल्युमिएच्या माणसांनी तो चित्रित केला आणि ती दृश्यं आजही बघता येतात. राज्याभिषेकानंतर चारच दिवसांनी खोदिंका मैदानावर भेटवस्तू वाटपाच्या वेळी चेंगराचेंगरी झाली आणि हजाराहून जास्त माणसं मेली. तिथे असलेल्या कॅमेरामनच्या आठवणीनुसार त्यांनी तेही चित्रित केलं होतं, पण पोलिसांनी सामान जप्त केलं. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच शहरात, त्याच कॅमेऱ्यांसमोर दोन घटना घडल्या. एकीची फिल्म शंभर वर्षांहून जास्त टिकली, दुसरीची नाही.

माझ्या वहीतली पहिली नोंद हीच: संग्रहातली रिकामी जागा दरवेळी आपोआप पडलेली नसते. काय नाही हे बघताना "का नाही" हेही विचारायचं.

एस्फिर शुब: कॅमेरा न उचलता केलेली फिल्म

आता माझ्या सगळ्यात आवडत्या व्यक्तीकडे येते. एस्फिर शुब ही सोव्हिएत चित्रपट खात्यात संकलक होती. परदेशी चित्रपट सोव्हिएत प्रेक्षकांसाठी कापून नव्याने जोडायचे, हे तिचं काम. कात्रीने अर्थ कसा बदलतो हे ती तिथेच शिकली.

१९२६ मध्ये ती लेनिनग्राडला गेली. झारच्या दरबाराने हौसेने काढून घेतलेली चित्रणं आणि क्रांतीपूर्व काळातले वृत्तपट तिथे ओल आलेल्या तळघरांत, डब्यांत पडून होते. काहींना लेबलं नव्हती, काही खराब झाले होते. दोन महिन्यांत तिने सुमारे ६०,००० मीटर फिल्म पाहिली. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, हिशोब करा. ३५ मिलीमीटर मूकपटाचा एक मीटर पडद्यावर साधारण तीन सेकंद चालतो. म्हणजे हे ५० तास झाले. सलग, मूक, बहुतेक ठिकाणी कंटाळवाणं. त्यातून तिने फिल्म केली 'रोमानोव्ह घराण्याचा अस्त'. लांबी जेमतेम दीड हजार मीटर. मार्च १९२७ मध्ये, फेब्रुवारी क्रांतीला दहा वर्षं झाली तेव्हा, ती प्रदर्शित झाली.

त्यातलं एक दृश्य अभ्यासक नेहमी सांगतात. जहाजाच्या डेकवर सरदार मंडळी आणि त्यांच्या बायका नाचतायत, ऊन लागतंय, घाम पुसतायत. मग शब्दपाटी येते, तीही घामाबद्दलच. आणि लगेच शेतमजूर, खणणारे, राबणारे, कपाळावरचा घाम पुसणारे. शुबने यातलं काहीच स्वतः चित्रित केलेलं नाही. नाचाचं चित्रण ज्याने घेतलं त्याला ते कौतुकाने दाखवायचं होतं. शुबने शेजार बदलला आणि कौतुकाचं आरोपपत्र झालं.

आता प्रश्न: ही फिल्म कशाचा पुरावा आहे? मुलाखतीतली मी म्हणाले असते, "झारकालीन जीवनाचा." आज मी म्हणेन, त्यात दोन थर आहेत. प्रत्येक तुकडा त्या-त्या वर्षाचा, झारच्या कॅमेरामनच्या नजरेचा पुरावा आहे. तुकड्यांचा क्रम मात्र १९२७ चा, शुबच्या आणि नव्या सत्तेच्या नजरेचा पुरावा आहे. हे दोन थर वेगळे न करता लिहिलेला परिच्छेद व्हायव्हात टिकत नाही.

आपल्याकडेही याच जातीचं काम आहे. ए. के. चेट्टियार यांनी देशोदेशी हिंडून गांधीजींची चित्रणं गोळा केली आणि १९४० मध्ये त्यांची फिल्म केली. विठ्ठलभाई झवेरी यांची 'महात्मा' (१९६८) ही पाच तासांहून मोठी फिल्मसुद्धा प्रामुख्याने जुन्या चित्रणांवर उभी आहे. मिठाच्या सत्याग्रहाची दृश्यं आपण शाळेपासून बघतो, पण ती कोणाच्या कॅमेऱ्याची, हे कोणी विचारत नाही. पुढच्या वेळी विचारा.

शुबच्या कामातून मला आणखी एक गोष्ट जाणवली. ती तळघरात आणखी काही वर्षांनी पोचली असती तर? तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे. ती लवकर पेट घेते, आणि आग लागली नाही तरी ओलीने सडते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि आपल्या मूकपट काळाचा, प्रभातच्या काळाचा मोठा ठेवा जळाला. तेव्हा साधन आहे तोवर बघून घ्या आणि नोंदी काढून ठेवा. "पुढच्या सेमिस्टरला बघू" म्हणू नका.

व्हर्टोव्ह: जे म्हणतो ते आणि जे करतो ते

सोव्हिएत माहितीपट म्हटलं की सगळे झिगा व्हर्टोव्हचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. १९१८ मध्ये तो मॉस्कोत साप्ताहिक वृत्तपटाच्या कामाला लागला. यादवी युद्धाच्या काळात प्रचारगाड्यांबरोबर फिरला. या आगगाड्यांत छापखाना असे, पुस्तकं असत, चित्रपट दाखवायची सोय असे. बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हतं, तेव्हा बातमी त्यांच्यापर्यंत डोळ्यांवाटे न्यायची अशी कल्पना होती. आपल्याकडे १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा हेच काम डफ-तुणतुण्याने आणि लोकनाट्याने केलं. स्टालिनग्राडची लढाई मुंबईच्या कामगारवस्तीत पोचली ती अण्णाभाऊंच्या पोवाड्यातूनही. माध्यम वेगळं, गरज तीच.

१९२२ ते १९२५ या काळात व्हर्टोव्हने 'किनो-प्राव्दा' या वृत्तपट मालिकेचे २३ अंक काढले. नट नकोत, गोष्ट नको, सेट नको, आयुष्य बेसावध पकडा, असा त्याचा आग्रह होता. १९२९ मध्ये त्याने 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' केली. शहरातला एक दिवस आणि तो चित्रित करत फिरणारा कॅमेरामन. कॅमेरा त्याचा भाऊ मिखाईल कॉफमनचा, संकलन त्याची पत्नी एलिझावेता स्विलोव्हाचं. फिल्ममध्येच स्विलोव्हा टेबलाशी बसून फिल्मच्या पट्ट्या कापताना-जोडताना दिसते. म्हणजे फिल्म तुम्हाला सांगते, "बघा, हे आम्ही बनवतोय."

गंमत अशी की ज्या शहराचा 'एक दिवस' आपण बघतो ते शहर नकाशावर नाहीच. मॉस्को, कीव्ह, ओडेसा अशा ठिकाणची दृश्यं जोडून ते तयार झालंय. आणि दिवसही एक नाही. मग ही लबाडी का? मला तसं वाटत नाही. पण "१९२९ च्या मॉस्कोत रस्ते असे होते" म्हणून त्यातलं चित्र प्रबंधात चिकटवलंत, तर लबाडी तुमची होईल.

इथली नोंद: जाहीरनामा हे एक साधन, फिल्म हे दुसरं. दिग्दर्शक स्वतःच्या कामाबद्दल जे म्हणतो ते तपासायचं असतं, उतरवून घ्यायचं नसतं. हे मुलाखतींनाही लागू आहे आणि सरकारी अहवालांनाही.

लेबल चुकलं की सगळं चुकतं

क्रांतीच्या रात्री हिवाळी राजवाडा सर झाला, त्याचा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. चौकातून राजवाड्याकडे धावणारी गर्दी वगैरे. त्या रात्रीची अशी फिल्मच नाही. पुस्तकांत फिरणारी चित्रं बहुतेक वेळा १९२० मध्ये त्याच चौकात झालेल्या भव्य प्रयोगाची असतात, नाहीतर आयझेन्स्टाइनच्या 'ऑक्टोबर' या चित्रपटातली, जो क्रांतीच्या दहाव्या वर्षानिमित्त केला गेला. दोन्हींत माणसं अभिनय करतायत. पण चित्र छापताना पाटी गळून पडली आणि नाटकाचा इतिहास झाला.

हसू नका, आपल्याकडेही असंच आहे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळं शिल्लक आहेत ती १९१३ ची म्हणून सर्रास दाखवली जातात. काही अभ्यासकांनी साक्षी काढून म्हटलंय की ती फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीतली आहेत. फाळक्यांचं माहितीपटांतलं कामही पाहण्यासारखं आहे. वाटाण्याचं रोप उगवताना थोड्या-थोड्या वेळाने एकेक चित्र घेऊन केलेली फिल्म, आणि चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी १९१७ ची फिल्म. दुसरीत फाळके स्वतः काम करताना दिसतात. स्विलोव्हा टेबलाशी दिसण्याच्या बारा वर्षं आधी! पण 'फाळके म्हणजे पौराणिक' हे लेबल इतकं घट्ट बसलंय की हे काम तळटीपेतच राहतं.

तुर्कसिब ते खाडीपलीकडे

आता जासईला येते.

१९२९ मध्ये व्हिक्टर तुरिनने 'तुर्कसिब' केली. तुर्कस्तान आणि सायबेरिया जोडणाऱ्या, १,४०० किलोमीटरहून लांब रेल्वेमार्गावरची ही फिल्म. मांडणी अगदी साफ: इकडे कापूस होतो पण पाणी आणि धान्य कमी, तिकडे धान्य आहे पण नेणार कसं, मध्ये वाळवंट, म्हणून रेल्वे हवी. भटके कझाक लोक घोड्यांवरून इंजिनाशी शर्यत लावतात असं एक सुंदर दृश्य आहे. शेवटी १९३० हा आकडा पडद्यावर पुन्हा पुन्हा येतो, कारण रेल्वे तेव्हा व्हायची होती. म्हणजे ही न झालेल्या गोष्टीची फिल्म आहे. ती भविष्याची नोंद करते आणि ते भविष्य ठरलेलंच आहे असं सांगते.

रेल्वे १९३० मध्ये झाली. पण त्याच सुमाराला भटक्यांना सक्तीने स्थायिक करणं, गुरंढोरं काढून घेणं सुरू झालं आणि कझाकस्तानात भीषण दुष्काळ पडला. दहा लाखांहून जास्त माणसं गेली. घोड्यांवरची ती हसरी माणसं आठवतात आणि पोटात कालवतं. तुरिनला हे माहीत असणं शक्य नव्हतं, तेव्हा फिल्मला गुन्हेगार ठरवायचं नाही. पण त्या शर्यतीत जिंकणार कोण हे फिल्मने आधीच ठरवलं होतं, एवढं नोंदवायचं.

या फिल्मची इंग्रजी आवृत्ती जॉन ग्रिअर्सनने तयार केली. ब्रिटिश माहितीपट चळवळ त्याच्याभोवती वाढली. त्या चळवळीतला अलेक्झांडर शॉ १९४० मध्ये इथे फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड चालवायला आला. नंतर व्ही. शांताराम यांनीही काही काळ तिथली धुरा सांभाळली. १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आली, १९४६ मध्ये बंद झाली. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ ला सरकारकडे स्वतःचं वृत्तपट खातंच नव्हतं! १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी त्याची फिल्म दाखवणं सक्तीचं होतं. 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' ही पाटी आईबाबांना विचारा, लगेच आठवेल.

याच फिल्म्स डिव्हिजनसाठी १९७५ मध्ये चार्ल्स कोरिया यांनी 'सिटी ऑन द वॉटर' ही फिल्म केली. विषय: मुंबईत न मावणारी माणसं, आणि खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना. कोरिया हे नव्या मुंबईच्या कल्पनेचे जनक. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर त्यांनी ती साठीच्या दशकात मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर ते तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते. म्हणजे शहर आखणारा आणि फिल्म करणारा माणूस एकच. हे कळल्यावर फिल्म खोटी ठरत नाही, पण ती कुठून बोलते ते समजतं.

खाडीपलीकडे म्हणजे आमच्याकडे. तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली ९५ गावं, भातशेती, मिठागरं, मासेमारी. जमिनी संपादित झाल्या, मोबदल्यावरून संघर्ष पेटला. आमच्याच गावचे दि. बा. पाटील त्याचे नेते. १६ जानेवारी १९८४ ला इथल्या दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर-पागोटे भागात पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व या लढ्यातून आलं. आज अटल सेतू शेजारच्या चिर्ल्याला उतरतो आणि हुतात्म्यांना दर जानेवारीत आम्ही अभिवादन करतो.

दोन वर्षांपूर्वी ही फिल्म मी आजीला मोबाईलवर दाखवली. शेजारचे दोन आजोबाही येऊन बसले. सगळ्यांनी शांतपणे पाहिली. मग आजीने आगरीत एकच विचारलं, यात आपली शेतं कुठे आहेत? मला पडद्यावर बोट ठेवून सांगता येईना. शेवटी मी वहीच्या पानावर मुंबई, खाडी आणि जासई काढून दाखवलं. त्यावर एक आजोबा म्हणाले, "म्हणजे ते तिकडून बघतायत." आणि मग दीड तास ते तिघं बोलत होते. कुठली खाजण कोणाची, बांध कसा राखायचे, नोटीस आली तेव्हा ती वाचून कोणी दाखवली. मी रेकॉर्डर चालू करायला विसरले होते. ती चूक तुम्ही करू नका.

"ते तिकडून बघतायत" या तीन शब्दांनी माझा सिनॉप्सिस सुटला. फिल्म खरी की खोटी हा प्रश्नच नव्हता. प्रश्न असा झाला: विकासावरच्या सरकारी माहितीपटांत, ज्यांची जमीन जाते ती माणसं कुठे उभी असतात? बोलणाऱ्यांत, दिसणाऱ्यांत, की फक्त ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्यांच्यात? आता विषयाला धार आली, कालखंड आला, फिल्म्सची यादी करता आली. तुलनेसाठी आनंद पटवर्धन यांची 'हमारा शहर' (१९८५) आली. त्याच मुंबईची गर्दी, पण कॅमेरा झोपडीतल्या माणसाशेजारी. आणि 'तुर्कसिब' आली, कारण आखलेल्या भविष्याची फिल्म कशी बांधली जाते हे ती सगळ्यात स्वच्छ दाखवते. "जासईच्या मुलीला रशियाचं काय?" याचं उत्तर हे आहे.

पद्धतीलाही आधार रशियातच मिळाला. १९३२ मध्ये अलेक्सांद्र मेदवेदकिन आगगाडीच्या डब्यांतच प्रयोगशाळा आणि संकलन कक्ष बांधून निघाला. कारखान्यात, शेतावर चित्रण करायचं, गाडीतच धुवायचं आणि त्याच लोकांना दाखवून चर्चा घडवायची. पहिल्या वर्षात सुमारे ७० छोट्या फिल्म्स झाल्या. त्यामागे सत्तेचं काम होतंच, उत्पादन वाढवायचं होतं. तरी ज्यांची फिल्म त्यांनाच दाखवायची आणि मग ऐकायचं, ही युक्ती मी उचलली. आता मी गावोगाव हेच करते. फरक इतकाच की माझ्याकडे गाडी नाही, एसटी आहे.

तुमच्यासाठी सहा प्रश्न

कुठलाही माहितीपट साधन म्हणून घ्याल तेव्हा वहीत हे लिहा:

१. पैसा आणि कॅमेरा कोणाचा? दिग्दर्शकाचं फिल्मच्या विषयाशी आधीपासून काही नातं आहे का?

२. तुकडे कधीचे, जोडणी कधीची? दोन तारखा वेगळ्या असतील तर दोन्ही लिहा.

३. कोणतं दृश्य घडताना टिपलं, कोणतं घडवून आणलं? खात्री नसेल तर तसं नमूद करा.

४. कोण बोलतं, कोण नुसतं दिसतं, कोणाबद्दल बोललं जातं? घड्याळ लावून सेकंद मोजा. कंटाळवाणं आहे, पण प्रकरणातला सगळ्यात भक्कम तक्ता याचाच होतो.

५. मूळ प्रेक्षक कोण? थिएटरात सक्तीने बसलेला, की मुद्दाम आलेला?

६. काय नाही, आणि का नाही?

शेवटचा प्रश्न जपून वापरा. "यात अमुक नाही" असं कुठल्याही फिल्मबद्दल म्हणता येतं. जे असायला हवं होतं असं त्याच काळच्या दुसऱ्या साधनातून दाखवता येतं, तेवढ्याचाच अभाव मोजायचा. माझ्या बाबतीत तो आधार सातबारा, संपादनाच्या नोटिसा आणि आजीच्या पिढीच्या मुलाखती देतात.

मुलाखतीत आज कोणी तोच प्रश्न विचारला तर मी म्हणेन: फिल्ममध्ये जे दिसतं ते कॅमेऱ्यासमोर होतं, एवढंच मी धरते. ते तिथे कसं आलं, कोणी बघितलं आणि नंतर कोणी कापलं, हे शोधणं म्हणजे माझं संशोधन.

त्या दिवशी न झालेलं रेकॉर्डिंग मी पुन्हा करायला गेले, तेव्हा दोघांपैकी एक आजोबा राहिले नव्हते. शुब तळघरात वेळेत पोचली होती. तुमच्या विषयातलं जे माणसांच्या तोंडी आहे त्याची वही आधी उघडा. ग्रंथालय उद्याही उघडं असेल.